लॉर्नवुड जहाज आणि तिसरी घागर

असे अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर दोन प्रश्न विचारत आले आहे — नीट जेवला होतात का, आणि आदल्या रात्री झोप झाली होती का. बहुतेकांची गोष्ट तिथेच संपते. मी एका शाळेत हेडक्लार्क आहे. कपाटाची चावी हरवली तर ती भुताने नेलेली नसते, कोणीतरी खिशात टाकून घरी नेलेली असते, हे मला नोकरीने शिकवलं. तेव्हा माझं आधीच सांगून टाकते. त्या दिवशी मी पोटभर जेवले होते. झोप मात्र झाली नव्हती... पण घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की झोप तशीही होत नाही, आणि म्हणून रोज काही असं घडत नाही.

मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन अकोल्याला आले आणि जठारपेठेतच राहिले. तळमजल्यावरचं घर — समोरची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून पाण्याचे ड्रम. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे कुठलं पाणी कशाला वापरायचं हे ठरलेलं असतं. फ्रिजच्या दारावर माझा कागद असतो : नळाचा वार, संपत आलेलं सामान, बाईंच्या गोळ्या. बाई म्हणजे माझ्या सासूबाई, घरात सगळे त्यांना बाईच म्हणायचे. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या समोरच्या खोलीत कूलरपुढे पलंगावर होत्या. वय ऐंशीच्या पुढे, डोकं माझ्यापेक्षा साफ. त्यांची कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, चादरी धुणं — शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर. तक्रार करत नाही. फक्त त्या वर्षी मी किती थकले होते ते कळावं म्हणून सांगते.

बाईंचं माहेर मूर्तिजापूरजवळचं, खारपाणपट्ट्यातलं. म्हणजे जमीन काळी, कसदार, पण विहिरीचं पाणी खारट. गोड पाणी लांबून आणायचं आणि पुरवून प्यायचं. त्यांचे वडील मूर्तिजापूरच्या एका प्रेसमध्ये कामाला होते. प्रेस म्हणजे कापसाची, जिथे रुई दाबून तिच्या गठाणी बांधतात. दुसरं महायुद्ध चालू होतं. गठाणींच्या वॅगनबरोबर ते मुंबईच्या बंदरापर्यंत गेले आणि तिथेच एका मालवाहू जहाजावर कामाला लागले. एक फेरी करून घरी आले. दुसऱ्यांदा गेले ते आलेच नाहीत. बाई तेव्हा मांडीवरच्या होत्या.

प्रेसमधल्या कोणीतरी सांगितलं, जहाज बुडालं. दुसऱ्या कोणी सांगितलं, बुडालंबिडालं काही नाही, त्यानं मुंबईत दुसरं घर केलं. सरकारकडून काहीच कळलं नाही. बाईंच्या आईने यातलं एकही मानलं नाही. शेवटपर्यंत कुंकू लावत राहिल्या आणि कुंकू लावूनच गेल्या. गावात त्यांना ‘जहाजवाल्याची सवाष्ण’ म्हणत, तोंडावर. बाईंच्या लग्नात तर एक जण मांडवातच बोलली होती, “पोरीले पाह्यून घ्या बरं, घर सोडून पयाची सवय अंगात असते.” पळून जायच्या सवयीचं हे वाक्य बाईंनी मला इतक्या वेळा सांगितलं की आता मलाच त्या बाईचा चेहरा दिसतो.

जहाजाचं नाव मात्र घरात टिकलं होतं, आणि तेही अगदी आपल्याकडच्या रीतीने. बाईंची आई नवऱ्याचं नाव एरवी घेत नसे, पण हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यावंच लागे. तो उखाणा बाईंना पाठ होता :

“लॉर्नवुड जहाजावर कापसाची गठाण,
नारायणराव दर्यावर, मी राखतो ठिकाण.”

गेल्या वर्षीची गोष्ट. होळी झाली होती, ऊन तापायला लागलं होतं. मी बाईंचे पाय चेपत होते तेव्हा त्या म्हणाल्या, “वंदना, औंदा अखजीले माया बापाची घागर भरू.”

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने मातीच्या नव्या घागरी पाण्याने भरतात. खाली गहू, वर आंबा. उन्हातान्हात त्यांना पाणी मिळावं म्हणून. आमच्या घरी दोन भरल्या जात — एक सासऱ्यांची, एक त्यांच्या वडिलांची. बाईंच्या वडिलांची कधीच कोणी भरली नव्हती. बाईंच्या आईच्या हयातीत तर शक्यच नव्हतं. जिवंत माणसाची घागर भरत नाहीत. नंतर माहेरी कोणी उरलं नाही. पण मुलीच्या मुलाला आजाला पाणी देता येतं, त्यामुळे आमच्या ह्यांच्या हातून व्हायला हरकत नव्हती.

“भरू की,” मी म्हटलं. “यंदा तीन लिहिते.”

“थांब. आधी पाह्य तो कसा मेला.”

“बाई, ते आज असते तर शंभरीच्या पुढे असते. म्हणजे गेलेच ना.”

“मेला ते मलेबी समजते. कुठं मेला ते पाह्य. जहाजावर मेला असंल तर पाणी देऊ. अन् आमाले टाकून दुसऱ्या घरी मेला असंल, तर त्या घरानं द्यावं. मी काहून देऊ?”

मी उठून फ्रिजपाशी गेले. कागदावर लिहिलं — ‘जहाज’. डाळ आणि कूलरच्या जाळीच्या मधे.

रविवारी दुपारी मोबाईल घेऊन बसले. जुन्या मालवाहू जहाजांचा नाद असलेल्या लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथे मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. आठवड्याभरात इंग्लंडमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी लॉर्नवुडची अख्खी हकिगत लिहून पाठवली. आपल्या आत्याबद्दल लिहावं इतक्या मायेने लिहिली होती. कोळशावर चालणारं जहाज, तेव्हाही जुनंच. आधी कोळसा वाहिला, मग गहू, मग लाकूड. युद्धात सरकारने ताब्यात घेऊन करडा रंग फासला. मुंबईहून कापूस, ताग, कातडी भरून ते दिवे मालवून इतर जहाजांच्या तांड्याबरोबर जायचं. एका फेरीत आतल्या कापसाला आग लागली होती, ती विझली. युद्ध संपल्यावर ग्रीक मालकाने घेतलं, नाव बदललं, सिमेंट वाहायला लावलं. अगदी शेवटी मोडीत काढलं.

खरं सांगते, वाचून मला त्या जहाजाचीच दया आली. मालक बदलले, नाव बदललं, पण रिकामं असं कोणी ठेवलंच नाही त्याला.

मग लक्षात आलं, यात बुडणं कुठेच नाही.

दोन दिवस मी बाईंना काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी वेणी घालताना त्यांनीच विचारलं.

“जहाजाचं काही समजलं व्हय?”

“समजलं.”

“मंग सांगून काहून नाई राहिली?”

“बाई... ते बुडालं नाही. युद्ध संपल्यावरही चालू होतं. पुष्कळ वर्षांनी मोडलं.”

तेवढंच सांगितलं. बाकीचा माल, रंग, आग, ग्रीक मालक — त्यात त्यांच्या कामाचं काही नाही, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, “म्हंजे मांडवातली ते बाई खरं बोलली.”

“असं काही नाही बाई. आजारी पडून गेले असतील, कुठल्या परक्या गावी—”

“वेणी घाल तू.”

घागरींचा विषय संपला. मला बरंच वाटलं असतं, पण घोटाळा असा झाला होता की गाडीवाला कुंभार आदल्याच दिवशी येऊन गेला होता आणि मी तीन घेऊन ठेवल्या होत्या. तिन्ही टबात भिजवूनही झाल्या होत्या, कारण कोरी घागर पाणी फार पिते.

अक्षय तृतीयेला सकाळी ह्यांनी दोन घागरी भरल्या. तिसरी मी स्वयंपाकघरात ओट्याखाली, फरशीवर पालथी घातली. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडया, सगळं झालं. जेवण झाल्यावर हे अमरावतीला त्यांच्या बहिणीकडे गेले. मी भांडी आटोपली, बाईंची कूस बदलली आणि त्यांच्या पलंगाजवळ खाली चटई टाकली. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, इतकं ऊन.

डोळा लागतो न लागतो तोच जळका वास आला.

वायर जळते तसा नाही. निरांजनाची वात विझल्यावर येतो तसा, पण जाड. ओलसर. तेलकट. मी उठले आणि एकेक बघून घेतलं. देवघर — निरांजन केव्हाच थंड. कूलरची मोटर, मेन स्विच, इन्व्हर्टर, इस्त्री, गॅसचा रेग्युलेटर. बाईंची गादी सगळीकडून चाचपली. दार उघडून बाहेर पाहिलं, तर बाहेर वास नव्हताच. दार लावलं की घरात होता.

बाई जाग्या होत्या. वर छताकडे पाहत होत्या.

“कापूस जळून राहिला,” त्या म्हणाल्या.

“निरांजन विझलंय बाई, मी पाहिलं.”

“वातीचा नाई तो. गठाणीचा हाय. आतून.”

आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते आधी कधीच सांगितलं नव्हतं. गठाणीत ठिणगी गेली की ज्वाळा निघत नाही. रुई इतकी घट्ट दाबलेली असते की आग आतल्या आत चालत राहते, कितीतरी दिवस. वरून पांढरीशुभ्र. म्हणून प्रेसच्या आवारात एक माणूस गठाणींवरून उघडा तळवा फिरवत चालायचा. जी गरम लागेल ती बाजूला ओढायची आणि उकलून पाण्यात घालायची. बाईंचे वडील हेच काम करायचे.

“जहाजवाल्यायनं त्याले त्याच्यासाठीच ठेवून घेतला व्हता. मायी माय सांगे. त्याच्या तळव्याले समजे म्हणे.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तू हात लावून पाह्य.”

“कशाला?”

“सगळ्याले.”

वाद घालायची ताकद नव्हती. मी घरभर हात लावत फिरले — कपाट, भिंती, सोफा, धान्याचे डबे. देवापुढच्या भरलेल्या दोन घागरी गार होत्या, बाहेरून पाझरत होत्या. मग स्वयंपाकघरात वाकून तिसऱ्या घागरीला हात लावला आणि ओरडून मागे घेतला.

तापल्या तव्यासारखी. तळव्याला फोड आला, त्याचा डाग अजून आहे. ओट्याखाली ऊन येत नाही, शेगडी त्या बाजूला नाही, आणि तिच्याखालची फरशी नेहमीसारखी गार होती. हेही मी हात लावूनच पाहिलं.

“इकडं आण,” बाईंचा आवाज आला. मी ओरडल्यावर काय झालं, असंही त्यांनी विचारलं नाही.

दोन फडक्यांनी धरून घागर नेली आणि पलंगाजवळच्या स्टुलावर सरळ ठेवली. मी थांबवायच्या आत बाईंनी तिच्या पोटावर उघडा तळवा टेकवला... आणि तसाच राहू दिला. त्यांना भाजलं नाही. नंतर मी हात उलटसुलट करून पाहिला, लाल झालेलाही नव्हता.

“आतच हाय,” त्या म्हणाल्या. “टाक पाणी. गोडं टाक, प्यायचं.”

पहिला तांब्या ओतला तेव्हा फक्त चर्र झालं. दुसरा ओतला, तिसरा ओतला. वाकून बघितलं तर तळ कोरडा. मोबाईलचा टॉर्च लावला — आत लाल माती, कोरडी ठाक. घागर चहूबाजूंनी बघितली, तडा नाही. स्टूल कोरडं, फरशी कोरडी. प्यायच्या पाण्याचा अख्खा जार त्या घागरीत गेला.

इथे भीती वाटली असं लिहायला हवं, पण नाही वाटली. मला नळाचा वार आठवत होता. जार संपला, आता ड्रमला हात घालायचा, म्हणजे धुणं राहणार, बाईंच्या चादरी राहणार... आणि तरी मी बादल्या आणत होते. कमरेत उसण भरली होती. एकदा थांबून म्हटलं, “बाई, किती?”

“थांबू नको. त्याले खाऱ्याशिवाय काई भेटलंच नाई. गावात खारं, दर्यात खारं.”

ड्रमचा तळ खरवडून शेवटची बादली आणली. त्यातला अर्धा झाला असेल, तेव्हा बाई म्हणाल्या, “थंडा झाला.”

आणि पाणी वर आलं. घागरीच्या गळ्याशी येऊन थांबलं, कुठल्याही भरलेल्या घागरीसारखं. हात लावला तर गार. वास कधी गेला ते मला कळलंच नाही, गेल्याचं लक्षात आलं इतकंच. बाईंनी हात काढून घेतला, पदराला पुसला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. एकटीने कूस बदलली. खुबा मोडल्यापासून पहिल्यांदा.

हे संध्याकाळी आले ते आधी पाणी प्यायला गेले. मग ड्रमचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“अवं, कोणाले आंघोळ घातली एवढी?”

“तुमच्या आजाला,” मी म्हटलं.

ते हसत बाहेर आले, माझा तळवा पाहिला आणि हसायचे थांबले. मी सगळं सांगितलं. ते घरभर टॉर्च घेऊन फिरले. पलंगाखाली, स्टुलाखाली, मोरीत, नालीच्या तोंडाशी. पाण्याचा थेंब कुठे सापडला नाही. मग त्यांनी हातपाय धुतले, तेही शेजारून पाणी मागून. तिसऱ्या घागरीखाली गहू पसरले, वर आंबा ठेवला आणि आजाचं नाव घेऊन पाणी सोडलं.

त्यानंतर बाईंनी आईचा फोटो मागितला. त्या फोटोवर, काचेवरूनच, त्या रोज कुंकू लावायला सांगत. मी रोज लावत असे. फोटो मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, “ओलं फडकं दे.”

कुंकू पुसण्याबद्दल माझी स्वतःची मतं आहेत आणि ती मी शाळेत भाषणात सांगितलेलीही आहेत. पण त्या वेळी मी फडकं भिजवून दिलं. बाईंनी हळूहळू काच पुसली. कडेचा, कित्येक वर्षांचा साचलेला लाल रंग नखाने काढला.

“झालं व माय,” त्या फोटोला म्हणाल्या. “पयाला नव्हता तो.”

दुसऱ्या दिवशी मी इंग्लंडच्या त्या गृहस्थांना त्या आगीबद्दल विचारलं. त्यांनी कळवलं ते असं : आग गठाणींमध्ये बरेच दिवस धुमसत होती. शेवटी जहाजाच्या पोटातल्या त्या कोठाराची झाकणं बंद करून आत समुद्राचं पाणी सोडलं, म्हणून जहाज वाचलं. कोणी दगावलं का? गोऱ्या अधिकाऱ्यांमध्ये कोणी नाही. हिंदी खलाशांची नावं त्यांना कुठे मिळाली नाहीत. झाकणं बंद केली तेव्हा आत कोणी गठाणी तपासत होतं का, हे कळायला मार्ग नाही, त्यांनी लिहिलं, आणि पुढे ‘क्षमस्व’.

बंद झाकणांचं मी बाईंना सांगितलं नाही. आगीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “ते मले ठाऊक हाय.”

आता माझ्या बाजूने जितकं करता येईल तितकं करून पाहिलं आहे. आग मी आधी वाचली होती, तेव्हा वास माझ्या डोक्यातून आला असेल. पण बाईंना मी आगीचं सांगितलं नव्हतं, आणि पहिला शब्द त्यांचा होता. कोरी घागर पाणी पिते, पण ती भिजवलेली होती, आणि ड्रमभर पाणी कुठलीच घागर पीत नाही. मी थकून पाणी मोरीत ओतलं असेल, हे आमच्या ह्यांचं म्हणणं. असेल. मग मोरी कोरडी का, याचं उत्तर त्यांच्याकडेही नाही. तळव्याच्या फोडाबद्दल डॉक्टर म्हणाले, “गरम भांडं धरलं असेल.” मी म्हटलं, हो. यापलीकडे मला काही सांगता येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला जमलं तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

बाई थंडीत गेल्या. झोपेत, भिंतीकडे तोंड करून. फ्रिजवरच्या कागदातून त्यांच्या गोळ्या मी खोडल्या. आता शाळेच्या आधी वेळ असतो आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही.

यंदा कुंभाराकडून चार घागरी घेतल्या. नेहमीसारख्या भिजवल्या, मांडल्या. ह्यांनी पाणी घातलं, चारही जेवढ्यास तेवढ्या भरल्या. वास नाही, काही नाही. फक्त पाणी घालायच्या आधी मी त्यांना जरा थांबा म्हटलं आणि एकेका घागरीवर उघडा तळवा ठेवून पाहिला. सगळ्या गार होत्या. बाईंच्या घागरीवर हात जरा जास्त वेळ राहिला.

“काय पाहून राहिली?” ह्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “घाला आता.”